काकवीच्या रंगाची बाटली : व्हिटॅमिन सीरम विकणाऱ्या कंपन्यांना अनावृत पत्र

व्हिटॅमिन सी, ई, रेटिनॉल (व्हिटॅमिन एचं एक रूप) आणि तत्सम सीरम, म्हणजे चेहऱ्याला लावायची द्रावणं, बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांच्या जाहिराती करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझ्या पुतण्याचं कराडात मेडिकल आहे. सरकारी रुग्णालयाच्या औषध भांडारातून निवृत्त झाल्यापासून त्याच्या जेवणाच्या वेळेला मी काउंटर सांभाळते. गेल्या महिन्यात अशाच एका दुपारी ओळखीची एक अंगणवाडी सेविका आली. पर्समधून रुमालात गुंडाळलेली काचेची बाटली काढून तिने माझ्यापुढे ठेवली. तीस मिली. लेबलवर मोठ्या अक्षरात ‘व्हिटॅमिन सी’, त्याखाली तेज, तारुण्य वगैरे. आतलं द्रावण काकवीच्या रंगाचं.

“काकू, हे लावू का अजून? निम्मं राहिलंय.”

कधी उघडलीस, म्हटलं. दिवाळीत. रोज लावतेस? “छे, रोज कुठलं परवडतंय! रविवारी लावते, आणि कुठं लग्नकार्य असलं तर.” सातशे रुपयांची वस्तू. साजूक तूप पुरवावं तशी तिने ती पुरवली होती. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडायला लागले तेव्हा तिला शंका आली. बाटलीवर छापलेली मुदत संपायला अजून चौदा महिने होते.

तिच्या वतीने मी त्या कंपनीला ई-मेल केला. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचं उत्तरही बहुधा हेच आलं असतं. तीन दिवसांनी उत्तर आलं : रंगातला बदल नैसर्गिक आहे, परिणामात काही फरक पडत नाही. आणि खाली पुढच्या खरेदीवर सवलतीचा कोड. तो कोड बघितला आणि हे पत्र लिहायला बसले.

आधीच सांगते, मी सीरमची वैरी नाही. माझं वय एकसष्ट. माझ्या स्वतःच्या फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, एक बाटली आहे. आणि ऊन चेहऱ्याचं काय करतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमचे हे एस.टी.त चालक होते. सत्तावीस वर्षं उजवीकडच्या खिडकीशी बसून गाडी चालवली. आज त्यांचा डावा गाल साठीचा दिसतो आणि उजवा पंच्याहत्तरीचा. उजव्या कानाखाली तर मानेवर चौकटी पडल्यात, नांगरून टाकलेल्या रानासारख्या. २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवलेला. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल लोंबलेला. मी तो फोटो यांना दाखवला. म्हणाले, “हा आपल्या डेपोचा दिसतोय.”

तर उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरतात, मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात, आणि कोलॅजेन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात. कातडीतलं स्वतःचं व्हिटॅमिन सी या झटापटीत खर्ची पडतं. ते बाहेरून भरून काढता आलं तर बरं, ही कल्पना खोटी नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल यांनी २००१ मध्ये डुकरांच्या कातडीवर करून दाखवलं की एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (व्हिटॅमिन सीचं मूळ रूप) आत जातं. पण कधी? द्रावणाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साडेतीनच्या खाली असेल तर. प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत वाढवलं तर फायदा, त्यापुढे नाही. एकदा कातडीत साठलं की ते निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात. २००५ मध्ये त्यांच्याच गटाने पंधरा टक्के व्हिटॅमिन सी आणि एक टक्का व्हिटॅमिन ई यांत अर्धा टक्का फेरुलिक अ‍ॅसिड घातलं. द्रावण टिकाऊ झालं आणि उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून जवळजवळ आठपट झालं. हे फेरुलिक अ‍ॅसिड आपल्या तांदळाच्या कोंड्यातही असतं. पिनेल स्वतःही या धंद्याशी जोडलेले होते, हेही इथेच सांगून टाकते. तरी आकडे त्यांनी उघड मांडले : रूप कोणतं, प्रमाण किती, आंबटपणा किती. तुमच्या जाहिराती उभ्या आहेत त्या याच संशोधनावर, आणि हे तीन आकडे मात्र तुमच्या बाटलीवर शोधून सापडत नाहीत. माझ्या सगळ्या तक्रारी इथूनच निघतात.

पहिली तक्रार नावाची. लेबलवर ‘व्हिटॅमिन सी’ एवढंच लिहून भागत नाही. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड वेगळं, मॅग्नेशियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट वेगळं, अ‍ॅस्कॉर्बिल पाल्मिटेट वेगळं. पिनेल यांच्या त्याच प्रयोगात शेवटच्या दोन रूपांनी कातडीतलं व्हिटॅमिन सी वाढलं नाही. नवी रूपं आली आहेत, त्यांतली काही चांगलीही असतील. मग अभिमानाने नाव लिहा ना! आमच्या दुकानात येणाऱ्या एका सीरमवर दोन वर्षांपूर्वी ‘पंधरा टक्के’ असं ठळक होतं. नव्या खोक्यावर टक्केवारी गेली, तिच्या जागी ‘सी-कॉम्प्लेक्स’ आलं, किंमत तीच. विक्री प्रतिनिधीला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, फॉर्म्युला अपग्रेड झालाय.” अपग्रेड झालेला आकडा लपवावा का लागतो, हे काही त्याला सांगता आलं नाही.

वाचकांसाठी एक युक्ती सांगते, कंपन्यांनी रागावू नये. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहायची असते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फेनॉक्सिएथेनॉल हे संरक्षक द्रव्य साधारण एक टक्क्यापर्यंतच वापरतात. तेव्हा यादीत तुमचं व्हिटॅमिन त्याच्याही खाली सापडलं तर ते बाटलीत किती असेल ते ओळखा. हळदी-कुंकवाला लावतात तेवढं अत्तर.

दुसरी तक्रार आंबटपणाची. माझ्या भाचीच्या बी.फार्म.च्या दिवसांतल्या पीएचच्या पट्ट्या घरात पडल्या होत्या. दुकानातल्या आणि शेजारणींच्या मिळून सहा बाटल्या मी तपासल्या. ही काही प्रयोगशाळा नव्हे, स्टीलच्या वाट्या आणि खिडकीतला उजेड. चार पट्ट्या तीन-साडेतीनच्या आसपास रंगल्या. दोन बाटल्यांवर ‘अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड’ स्वच्छ लिहिलेलं असूनही पट्टी पाच-सहाच्या रंगावर गेली. पीएच ४.२ च्या वर गेला की अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचे निम्म्याहून जास्त रेणू विद्युतभारित होतात आणि कातडीच्या वरच्या, तेलकट थरातून आत शिरायला नाखूश असतात. म्हणजे माल आहे, पण दाराबाहेर उभा. चेहऱ्याला झोंबू नये म्हणून आंबटपणा कमी केला असेल, तर तसं सांगा. गिऱ्हाईक निवड करेल.

तिसरी तक्रार माझ्या काउंटरवर आलेल्या बाटलीची, आणि हिच्यावर मी थोडी अडून बसणार आहे. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडला पाणी, हवा, उजेड, उष्णता यांतलं काहीच सोसत नाही. आधी ते पिवळसर होतं, मग नारंगी, मग तपकिरी. रंग बदलला म्हणजे त्यातला बराच भाग ऑक्सिडीकरणाने गेला. मी एकतीस वर्षं औषध भांडारात काढली. रंग बदललेलं इंजेक्शन आम्ही वॉर्डात जाऊ दिलं नाही, मुदत कितीही शिल्लक असली तरी. आणि तुम्ही म्हणता, फरक पडत नाही.

छापलेली मुदत असते बंद बाटलीची. झाकण उघडलं, ड्रॉपर आत-बाहेर झाला, की घड्याळ दुसरं सुरू होतं. युरोपात दीर्घ मुदतीच्या प्रसाधनांवर उघड्या डबीचं चित्र असतं आणि त्यात उघडल्यापासूनचे महिने लिहिलेले असतात. तुमच्यापैकी ज्यांचा माल तिकडे जातो त्यांना हे चित्र नवीन नाही. आमच्या बाटलीवर मात्र ते नाही, किंवा आहे तर भिंग घेऊन शोधावं लागतं. याचा फटका कुणाला बसतो? रोज सकाळी चार थेंब लावून दोन महिन्यांत बाटली संपवणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही. फटका बसतो तो पुरवून वापरणारीला. काटकसर ही आमच्याकडे बायकांना लहानपणापासून शिकवलेली गोष्ट. इथे तीच अंगाशी येते आणि तिला कुणी सांगतही नाही.

त्यातून एप्रिल-मे मध्ये तुमची खोकी कशी येतात ते बघायला या कधीतरी. पत्र्याच्या टेम्पोत, दुपारी दोनला, बिस्किटांच्या पेट्यांखाली. काही सीरम दुकानात पोचतात तेव्हाच फिक्या चहाच्या रंगाची झालेली असतात. आणि काही बाटल्या पहिल्या दिवसापासूनच नारंगी असतात, ‘संत्र्याच्या अर्कामुळे’. त्यात बिघाड दिसणार तरी कसा? हा योगायोग असेलही. मी फक्त विचारते आहे.

चौथी तक्रार पुराव्याची. ‘इतक्या टक्के महिलांना फरक जाणवला’ या वाक्याच्या डोक्यावर एक चांदणी असते आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हे महिलांनी स्वतः दिलेलं मत आहे. मत आणि मोजमाप यांत फरक असतो हो. खऱ्या चाचण्या झालेल्या नाहीत असं नाही. २००२ साली अमेरिकेत दहा जणांच्या अर्ध्या चेहऱ्यावर व्हिटॅमिन सीचा लेप आणि अर्ध्यावर नुसता लेप लावून बारा आठवडे पाहिलं, फरक दिसला. २००३ मध्ये फ्रान्समध्ये पाच टक्क्यांचं क्रीम सहा महिने लावून पाहिलं. तिथेही थोडी सुधारणा दिसली. दहा माणसं म्हणजे आमच्या भिशीतल्या बायकांपेक्षा कमी! त्यावरून थोडी आशा धरावी, ‘सिद्ध’ हा शब्द मात्र वापरू नये. नायसिनामाइडची, म्हणजे बी-३ ची, पाच टक्क्यांची चाचणी बारा आठवड्यांची आणि पन्नास जणींची होती. त्या सगळ्या गोऱ्या, आणि शास्त्रज्ञ कंपनीचेच. तरी त्या बिचाऱ्या बी-३ ला ना आंबटपणा लागतो, ना ते काकवी होतं, आणि मिळतंही स्वस्तात. म्हणूनच बहुधा त्याची एवढी मिरवणूक निघत नाही.

आमच्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर वयाची पहिली खूण बहुधा सुरकुती नसते, वांग आणि काळपट डाग असतात. गोऱ्या कातडीच्या सुरकुत्यांवर तपासलेलं औषध आमच्या वांगावर तसंच चालेल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुम्ही इथे एवढा माल विकता. इथल्या चार-दोनशे बायकांवर नीट चाचणी करायला काय हरकत आहे? ‘उजळ’ या शब्दाबद्दल मी इथे काही बोलत नाही. तो एक वेगळाच पत्रव्यवहार होईल.

पाचवी तक्रार माझ्या मते सगळ्यांत मोठी. तुमच्या जाहिराती बघून बायका विचारतात, “काकू, हे लावलं की सनस्क्रीन नको ना?” ‘उन्हापासून संरक्षण’ असे शब्द तुम्हीच छापता, त्यांचा काय दोष. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावी १९९२ पासून साडेचार वर्षं एक प्रयोग चालला. पंचावन्नच्या आतल्या ९०३ जणांचे हाताच्या पाठीचे साचे घेऊन कातडीचं वय मोजलं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीची वृद्धत्वाची वाढ, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या मानाने, २४ टक्के कमी होती. तेही एसपीएफ १५ च्या क्रीमने. त्याच प्रयोगात काही जणांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं होतं, तेही व्हिटॅमिन सीसारखंच मुक्त मूलकांना आवरणारं, म्हणजे अँटिऑक्सिडंट. त्याचा एकूण परिणाम दिसला नाही. ते पोटातून घेतलेलं होतं, सीरम नव्हतं, हे मला कळतं. पण साडेचार वर्षं आणि नऊशे माणसं, एवढा भक्कम पुरावा तुमच्या कुठल्या बाटलीमागे आहे? ज्या घरात महिन्याला एकच वस्तू घेणं परवडतं तिथे मी सनस्क्रीन देते. त्यावर पुतण्या माझ्याकडे रागाने बघतो, कारण सीरमवर सुटतात जास्त. बघू दे.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून चेहऱ्याला चोळण्याची पद्धत तुमच्या ‘ई’च्या जाहिरातींनी जोरात आणली आहे. १९९९ मध्ये मायामीत शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ते लावून बघितलं तेव्हा बहुतेकांना उपयोग झाला नाही, आणि तिघांत एकाला पुरळ उठलं. दुसरं, रेटिनॉल. युरोपने चेहऱ्यावरच्या प्रसाधनांत त्याला ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, नव्या मालासाठी नोव्हेंबर २०२५ पासून. आपल्याकडे ‘एक टक्का’ हे कौतुकाने मिरवतात. आणि गरोदर बाईने ते लावू नये हे वाक्य इतकं बारीक असतं की तिसऱ्या महिन्यातली एक मुलगी ते घेऊन बिलापर्यंत पोचली होती.

आता कायदा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम १७-सी नुसार लेबलवर खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान असलेलं प्रसाधन सदोष छापाचं ठरतं. २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. वाचकांनी तो जपून ठेवावा. पण मला दंडात रस नाही. मला बाटलीवर चार ओळी वाढवून हव्या आहेत. माझ्या मागण्या अशा :

१. व्हिटॅमिनचं नेमकं रूप आणि टक्केवारी पुढच्या बाजूला लिहा. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असेल तर पीएचही.

२. उघडल्यापासून किती आठवडे वापरायचं ते मराठीत आणि डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात छापा. शेजारी ‘उघडल्याची तारीख’ लिहायला रिकामी चौकट द्या. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख असते.

३. ताज्या द्रावणाचा आणि टाकून देण्याच्या वेळचा, असे दोन रंगांचे ठिपके खोक्यावर छापा. वाचता न येणारीलाही कळेल. दुकानात पोचतानाच रंग बदललेला माल विनातक्रार परत घ्या.

४. दहा मिलीच्या बाटल्या काढा, आणि त्यांचा दर मिलीमागे दुप्पट करू नका. पुरवून वापरणारीला याचाच खरा उपयोग.

५. ‘सिद्ध’ म्हणायचं असेल तर किती माणसं, किती आठवडे, कशाशी तुलना आणि पैसा कुणाचा, हे त्याच आकाराच्या अक्षरात लिहा.

६. ‘हे सनस्क्रीनऐवजी नाही’ हे वाक्य प्रत्येक बाटलीवर आणि प्रत्येक जाहिरातीत. रेटिनॉलवर गरोदरपणाची सूचना, ठळक.

यातल्या एकाही मागणीसाठी नवं संशोधन लागत नाही. माहिती तुमच्या कारखान्याच्या कागदांत आहेच. ती फक्त काउंटरपर्यंत यायला हवी, कारण तिथे प्रश्न विचारणारी बाई माझ्यापुढे उभी असते, तुमच्यापुढे नाही.

ती बाटली मी फेकलेली नाही. आमच्या फ्रीजमध्ये, माझ्या बाटलीच्या शेजारीच ठेवली आहे, शेजारी-शेजारी रंग बरे दिसतात. त्या सेविकेला मी सनस्क्रीनची छोटी ट्यूब दिली आणि सांगितलं की सातशे रुपयांचं काय होतं ते कळवते. ती परवाच येऊन विचारून गेली. तुमचा पत्ता कळवा. बाटली पाठवते, कुरियरचा खर्च माझा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती
कराड